येशूला निळे डोळे कुणी दिले?

माझं माहेर शिरूर, अमेरिकन मराठी मिशनच्या जुन्या मंडळीतलं. सासर दौंड, रेल्वेतलं. येशू दोन्हीकडे, स्वभाव मात्र निराळे. माहेरचा येशू दुष्काळी. पाऊस लांबला की आई त्याच्याशी सरळ भांडायची. सासरचा वेळापत्रकावर चालणारा. उपासनेला पाच मिनिटं उशीर झाला की तो शेरा मारतो, ही सासऱ्यांची पक्की समजूत. मित्र लाजर आजारी असल्याचा निरोप मिळूनही जो आणखी दोन दिवस जागचा हलला नाही, त्याच्याविषयी ही समजूत!

भिंतीवरची तसबीर दोन्ही घरांत एकच: पिंगट केस, निळसर डोळे. मूळ चित्र शिकागोच्या वॉर्नर सॉलमन यांनी 1940 मध्ये काढलेलं. नाटकाचंही तसंच. बाळ येशूला भेटायला आलेले मागी लोक किती होते हे मत्तय सांगत नाही. आमच्या नाताळच्या नाटकात ते तीन, कारण झगे तीनच आहेत.

असं बोललं की काही वडीलधाऱ्यांना ती देवाची निंदा वाटते. मला पटत नाही. चिलट गाळून उंट गिळणारे परूशी ही चेष्टा खुद्द येशूचीच. आपण हसायचं ते त्याला नाही, त्याच्या नावावर खपवलेल्या आपल्या आवडीनिवडींना.

आमच्याच दौंड तालुक्यातल्या केडगावच्या पंडिता रमाबाईंचं बघा. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण शाकाहार सोडला नाही. अंड्याचं पुडिंग नाकारण्यात तिथल्या त्यांच्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिनना गर्व दिसला. रमाबाईंनी पत्रातून उलट विचारलं, की हिंदुस्थानात राहून आपल्या सवयी न बदलणाऱ्या इंग्रज बाईला कुणी गर्विष्ठ म्हटलं तर तिला कसं वाटेल? पुडिंगाचा आणि तारणाचा संबंध मलाही शुभवर्तमानात सापडलेला नाही. वाद घालणाऱ्या याच बाईंनी पुढे हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, तेही केडगावात बसून.

नाटकातला आमचा बाळ येशू म्हणजे आडवी केली की डोळे मिटणारी गोरी बाहुली. यंदा मंडळीतलंच एखादं सावळं तान्हं ठेवा, असं मी सुचवलं.

“आणि रडलं तर?” पाळकसाहेबांनी विचारलं.

“रडेलच की. गव्हाणीत निजवलंय त्याला.”

विषय कमिटीकडे गेलाय. बाहुलीला नवं झबलं शिवायचं मात्र बिनविरोध ठरलं.