आधी उत्तर सांगणाऱ्यांच्या विरोधात

व्हिडिओ गेमचा विषय निघाला, की साहित्याच्या वर्गात दोनच सूर उमटतात : एक नाक मुरडणारा, दुसरा 'हीच उद्याची कादंबरी' म्हणून नाचणारा. आम्हांला दोन्ही अमान्य आहेत. खेळ हा खेळच असतो. मात्र थोडे खेळ वाचनाची जी शिस्त लावतात, ती आपल्या वर्गांत क्वचितच दिसते.

ल्यूकस पोप यांचा 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' (२०१८) पाहा. काळ १८०७. ईस्ट इंडिया कंपनीचे बेपत्ता जहाज परतते, पण त्यावर जिवंत कोणी नाही. त्यावरील ६० जणांपैकी कोण कोण होता आणि त्याचे काय झाले, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. बोलण्याची ढब, गणवेश, कोण कोणाजवळ उभा आहे, अशा खुणांवरूनच तर्क करावा लागतो. खेळ बहुतांशी तीन-तीन अचूक नोंदींनाच एकत्र मान्यता देतो. त्यामुळे ठोकताळ्यांवर निभावत नाही.

'आउटर वाइल्ड्स' (२०१९) मध्ये दर २२ मिनिटांनी काळ मूळपदावर येतो. नवे शस्त्र नाही, वाढीव शक्ती नाही. वाढते ते केवळ खेळणाऱ्याचे ज्ञान. 'चँट्स ऑफ सेनार' (२०२३) मध्ये अनोळखी चिन्हांचे अर्थ प्रसंगांवरून लावत जायचे असतात. यांतले रहस्य आधी कळले, तर खेळायला फारसे काही उरत नाही. म्हणूनच जाणते खेळाडू शिफारस करताना नाव सांगतात आणि गप्प बसतात.

आणि आपण? कविता वाचण्याआधीच तिची 'मध्यवर्ती कल्पना' उतरवून देतो. विद्यार्थी गाईड पाठ करतो, आपण त्यालाच गुण देतो, आणि पुन्हा 'मुले वाचत नाहीत' असा गळा काढतो.

कविता म्हणजे कोडे नव्हे, तिला एकच उत्तर नसते, असा आक्षेप येईल. तो आम्हांला मान्य आहे. आमचा मुद्दा त्याने बळकटच होतो. ज्यांना एकच उत्तर आहे, त्या खेळांचे चाहते ते उत्तर जिवापाड जपतात. जिला अनेक उत्तरे आहेत, त्या कवितेचे एकच उत्तर आपण फळ्यावर लिहून मोकळे होतो. मग उथळ कोण?

तेव्हा हे तीन खेळ खेळा. कागद-पेन्सिल जवळ ठेवा, अडलात तरी उत्तर शोधायला जाऊ नका. आणि पुढच्या तासाला कविता वाचून झाल्यावर, शिक्षकहो, दहा मिनिटे काहीही सांगू नका.