साबणाची समाजसेवा

मूर्तिजापूर ते यवतमाळ धावणारी अरुंदमापी ‘शकुंतला’ कारंजा लाडवरून जात असे. वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळावा म्हणून ब्रिटिश भांडवलाने ती टाकली. तिने गावकऱ्यांची सोय झाली, हे खरे. पण सोय हा हेतू नव्हता. गाडी बंद पडून काही वर्षे लोटली. हेतू आणि सोय यांची गल्लत मात्र चालूच आहे, आणि आता ती ‘सामाजिक उत्तरदायित्व’ या भारदस्त नावाने चालते.

हिंदुस्थान लिव्हरने 2002 मध्ये ‘लाइफबॉय स्वास्थ्य चेतना’ हा उपक्रम महाराष्ट्रासह आठ राज्यांच्या ग्रामीण भागांत नेला. मुलांच्या हातांना भुकटी लावायची, नुसत्या पाण्याने ते धुवायला सांगायचे आणि विशिष्ट दिव्याखाली उरलेली चकाकी दाखवून ‘हे पाहा जंतू’ म्हणायचे! साबणाने हात धुतल्यास अतिसार आटोक्यात येतो, हे शास्त्र निर्विवाद आहे. त्याची टवाळी करण्याचे कारण नाही. परंतु ज्या धड्याच्या शेवटी एकाच कंपनीची वडी उभी असते, तो धडा म्हणजे बाजारपेठेची मशागत होय. कंपनीनेही त्यास दानधर्म म्हटले नव्हते. या प्रांजळपणाचे गुण तिला द्यावेत. त्याच सुमारास, 2001 मध्ये, आरंभलेल्या ‘शक्ती’ योजनेत बचत गटांतील स्त्रिया घरोघर माल विकू लागल्या. वितरकाला जे खेडे परवडत नव्हते, तेथे गावची बाईच वितरक झाली. माल तिने घ्यायचा, पुष्कळदा कर्ज काढून; पगारी नोकर मात्र ती नव्हे.

पुढे 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चण्याचे बंधन घातले. आपल्या मालाच्या जाहिरातीसाठी केलेला पुरस्कृत खर्च यात धरू नये, असे 2021 च्या नियमांना स्पष्ट सांगावे लागले, यातच सर्व आले. या 2 टक्क्यांचा गाजावाजा होतो. पण 2019 मध्ये सवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा मूळ कर 30 वरून 22 टक्क्यांवर आणला गेला, त्याचा फलक कोणत्या शाळेच्या भिंतीवर आहे? गांधीजींच्या विश्वस्त कल्पनेत संपत्ती समाजाची असते. येथे ती मालकाची राहते आणि समाजाला पावती मिळते.

शिवाय हा कायदा कंपनीच्या कार्यक्षेत्राला प्राधान्य देण्यास सांगतो, ग्राहकांच्या गावाला नव्हे. वाशीम जिल्ह्याची गणना 2018 मध्ये देशातील आकांक्षित, म्हणजे सरळ भाषेत मागास, जिल्ह्यांत झाली. साबण येथेही खपतो. उन्हाळ्यात हात धुवायचे पाणी कोठून आणायचे, याचे उत्तर मात्र वडीच्या वेष्टनावर नसते. ते नगरपरिषदेने आणि जिल्हा परिषदेने द्यायचे असते, आणि त्यासाठी लागतो तो कर.

कारंजा तालुक्यातील कार्यकर्त्यांनी असे उपक्रम अडवू नयेत. ग्रामसभेत तीन अटी मात्र मंजूर करून घ्याव्यात: शाळेत कंपनीचे नाव वा चिन्ह नको, काम कोणते ते ग्रामसभा ठरवील, आणि साबणाच्या धड्याआधी शाळेत नळाला पाणी हवे.