जामीन कोण राहणार?

न्यूयॉर्कमध्ये घर शोधायला लागले तेव्हा पहिल्याच दलालाने आकडा सांगितला: 40. महिन्याच्या भाड्याच्या 40 पट तुमचे वार्षिक उत्पन्न हवे. भाडे 3,000 डॉलर असेल, तर वर्षाला 1,20,000 डॉलर. तेवढे नसेल तर जामीनदार आणा. त्याचे उत्पन्न 80 पट हवे, म्हणजे 2,40,000 डॉलर, आणि तो बहुधा अमेरिकेतच राहणारा हवा. शिवाय क्रेडिट स्कोअर, जो नुकत्याच आलेल्या माणसाकडे नसतोच. हा सरकारी कायदा नव्हे, घरमालकांची रीत आहे. पण तिच्यापुढे कुणाचे फारसे काही चालत नाही.

माझ्या घरात मी पहिली पदवीधर. एवढी कमाई असलेला मामा न्यू जर्सीत बसलेला नव्हता. वर्गातल्या काही भारतीय मुलामुलींना होता, आणि त्याला ते गुणवत्तेत मोजत नव्हते, एवढेच. पैसे घेऊन जामीन राहणाऱ्या कंपन्याही आहेत, पण ते पैसे आणायचे कुठून? माझ्या शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता सत्र सुरू झाल्यावर आला.

कायदे भाडेकरूच्या बाजूचे नाहीत असे नाही. 2019 पासून न्यूयॉर्क राज्यात एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त अनामत घेता येत नाही. जून 2025 पासून न्यूयॉर्क शहरात दलालाचे पैसे त्याला नेमणाऱ्यानेच द्यायचे. पण हे सगळे करारावर सही करू शकणाऱ्यांसाठी. आपल्यासारख्यांना उरते दुसऱ्याच्या घरातली एक खोली, आणि ती मिळते ओळखीतून. आपल्या लोकांच्या ओळखीतून.

जॅक्सन हाइट्समधल्या अशाच एका खोलीसाठी मी फोन केला. दोघी मराठी मुली. भाडे, सबवे, स्वयंपाक, सगळे बोलून झाले. मग, "आडनाव काय तुझं?" सांगितले. जरा थांबून, "म्हणजे कुठले तुम्ही?" म्हटले, नांदेडचे. "तसं नाही गं, आम्ही घरात देव ठेवलेत, म्हणून विचारलं. कळवते." कळवले नाही.

बाबासाहेबांना 1913 साली याच शहरात कोलंबियाच्या वसतिगृहात खोली मिळाली होती. 1917 साली बडोद्यात मिळाली नाही. आता बडोदाच न्यूयॉर्कला आले आहे.

मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, एप्रिल 1968 मध्ये, घरांमधल्या भेदभावाविरुद्धचा फेडरल कायदा झाला. त्यात वंश आहे, रंग आहे, धर्म आहे. जात हा शब्द नाही. शिवाय रूममेट निवडण्याला तो कायदा लागू होत नाही, असे एका फेडरल अपील न्यायालयाने 2012 मध्ये म्हटले. सिॲटल शहराने फेब्रुवारी 2023 मध्ये जातिभेदावर बंदी घातली, तीत भाड्याची घरेही आली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेले विधेयक मात्र गव्हर्नरांनी परत पाठवले. कायद्यासाठी भांडायलाच हवे. पण सिॲटलसारखा कायदा उद्या सगळीकडे झाला, तरी "कळवते" म्हणून फोन ठेवणारीला कोण पकडणार?

म्हणून माझे म्हणणे तिथे नोकरीला लागलेल्या आपल्या माणसांना आहे. जयंतीचा कार्यक्रम आपण झोकात करतो, वर्गणीही देतो. त्याच वेळी एक यादी करा: कोण जामीन राहू शकतो, कुणाकडे खोली रिकामी आहे. जामीन राहणे जोखमीचे आहे, भाडे थकले तर आपल्याला भरावे लागते, हे मला ठाऊक आहे. ज्याला ते झेपणार नाही त्याने खोली द्यावी. न्यूयॉर्क राज्यात करारावर एकट्याचे नाव असेल, तर सोबत आणखी एक माणूस ठेवण्याचा त्याला हक्क आहे. करारात मनाई लिहिली असली तरी मालकाला तो नाकारता येत नाही. त्याने विचारले की 30 दिवसांत नाव कळवायचे, बस. ही तरतूद आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे.

मला ती सांगितली ब्राँक्समधल्या एका ताईंनी. त्या नागपूरच्या, नर्स. एका कार्यक्रमात भेटल्या, दहा मिनिटे बोललो असू. "सामान घेऊन ये," म्हणाल्या. त्यांच्या हॉलमध्ये मी अकरा महिने काढले. आता माझ्या नावावर करार आहे आणि ऑगस्टमध्ये लातूरची एक मुलगी राहायला येते आहे.