वर्गातला कोपरा आणि इंग्रजीचा तास

माझे पदव्युत्तर शिक्षण इतिहासाचे. नोकरीला लागलो तेव्हा शाळेत इतिहासाला शिक्षक होते, इंग्रजीला नव्हते. म्हणून इंग्रजी तात्पुरते माझ्याकडे आले. त्या तात्पुरत्या व्यवस्थेला आता सत्तावीस वर्षे झाली. माध्यमिक इंग्रजीचा वर्ग कसा असावा यावर स्मरणिकेसाठी लिहा, असे संपादक मंडळाने सुचवले, तेव्हा अध्यापनशास्त्राआधी मला इतिहासच आठवला, याबद्दल वाचक क्षमा करतील.

७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झाले. त्या काळच्या आपल्या जागेविषयी बाबासाहेबांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. वर्गातील क्रमांकाप्रमाणे इतर मुलांमध्ये बसण्याची त्यांना मुभा नव्हती. कोपऱ्यात, स्वतंत्र गोणपाटावर बसावे लागे आणि ते गोणपाट रोज घरी न्यावे-आणावे लागे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी त्यांना फळ्याकडे बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे उचलण्यासाठी मुलांची एकच धावपळ झाली. हे प्रसंग आपण दर जयंतीला ऐकतो. मात्र हे दोन्ही प्रसंग वर्गाच्या मांडणीचेही आहेत, कोण कोठे बसतो आणि फळ्यापर्यंत कोण पोहोचतो याचे आहेत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

उशिरा, कारण सुरुवातीची काही वर्षे मी स्वतः घटक चाचणीच्या गुणांप्रमाणे मुले बसवीत असे. पुढच्या दोन बाकांवर हुशार मुले; प्रश्न त्यांना, उत्तरेही त्यांचीच. वर्ग शांत असे, फलकलेखन सुबक असे, तपासणीला आलेले अधिकारी समाधानाने परत जात. एका वर्षी शेवटच्या बाकावर ऊसतोड कुटुंबातली एक मुलगी होती. वर्षभर तिचा आवाज मी ऐकला नाही. वार्षिक परीक्षेच्या सुमारास वह्या तपासताना तिच्या वहीची मागची पाने उघडली गेली. फळ्यावरच्या प्रत्येक वाक्याखाली तिने त्याच धर्तीचे स्वतःचे एक इंग्रजी वाक्य रचले होते. आईचे, कोयत्याचे, बैलगाडीचे, पाचटाच्या कोपीचे. व्याकरणाच्या चुका भरपूर; पण पुढच्या बाकांवरच्या एकाही मुलाने वर्षभरात स्वतःचे म्हणून एक वाक्य लिहिले नव्हते. ही पाने मला दाखवावीत असे तिला वाटले नाही, आणि तसे वाटावे असे मी काही केलेही नव्हते. तिचा कोपरा मीच आखून दिला होता.

तेव्हापासून गुणांवरून बसवणे मी बंद केले. दर सोमवारी प्रत्येक ओळ एक बाक मागे सरकते आणि शेवटची पुढे येते. आपल्या विद्यालयातील बाक जड आहेत, ते हलवण्यातच निम्मा तास जाईल. म्हणून बाक हलवायचा नाही, एकाआड एक बाकावरच्या मुलांनी मागे वळून बसायचे. चौघांचा गट लगेच तयार होतो. गटाच्या वतीने कोण बोलणार हे डब्यातील चिठ्ठी ठरवते. त्यामुळे हुशार मुलाला आपल्या गटातील कच्च्या मुलाची तयारी करून घ्यावीच लागते, कारण चिठ्ठी कोणाचीही निघू शकते. गलका होतो, हे खरे. शेजारच्या वर्गातून निरोपही येतात. पण शिस्त म्हणजे शांतता हे समीकरण मला मान्य नाही. भाषेच्या तासाला ओठ मिटून बसलेला वर्ग मला आता भीतिदायक वाटतो.

एका बाबतीत मात्र मी कठोर आहे. बोलणाऱ्याला कोणी हसायचे नाही. ‘स्कूल’चे ‘इस्कूल’ झाले, ‘शी गोज’चे ‘शी गो’ झाले, की वर्गात दबकी खसखस पिकते, आणि उभे राहिलेले मूल पुढचे सहा महिने उभे राहत नाही. फळ्यामागचे डबे आता कोणी उचलत नाही. पण फळ्याकडे निघालेल्या मुलाचे पाय थांबवायला ते हसू पुरते. शिक्षकानेही मध्येच चूक दुरुस्त करू नये. मी चुका कागदावर टिपून ठेवतो आणि शेवटच्या पाच मिनिटांत कोणाचेही नाव न घेता फळ्यावर घेतो.

काही पालकांचा आग्रह असतो की वर्गात मराठी बोलणाऱ्याला दंड करावा. मी नम्रपणे नकार देतो. घरी गोरमाटी बोलणाऱ्या मुलाला मराठी आणि हिंदीनंतर इंग्रजी ही चौथी भाषा असते. आधीच्या तिन्हींची लाज वाटू लागली, तर चौथी बोलायला त्याच्याजवळ धीर उरणार कोठून? त्याऐवजी आमच्या भिंतीवर साबणाची वेष्टने, बिस्किटांचे पुडे, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, खताच्या गोणीवरचा छापील मजकूर चिकटवलेला आहे. हे इंग्रजी मुलांच्या घरी आधीच पोहोचलेले असते. ‘एक्स्पायरी’ हा शब्द धड्यातून शिकवावा लागला नाही. एका मुलाने सुट्टीत घरी जाऊन आजीच्या गोळ्यांची पट्टी वाचली आणि तारीख उलटलेली म्हणून फेकून दिली.

दहावीत इंग्रजीच्या लेखी परीक्षेला ८० गुण आणि अंतर्गत मूल्यमापनाला २०. हे २० गुण ऐकण्या-बोलण्यासाठी आहेत. मूल एक वाक्य न बोलताही ते भरता येतात, आणि ठिकठिकाणी भरले जातात, हे शिक्षकांना सांगायला नको. मुलाला आपण मदत केली असे आपल्याला वाटते. मग ते शहरातल्या महाविद्यालयात जाते, मुलाखतीला बसते, आणि तेथे आपण दिलेले २० गुण कामाला येत नाहीत.

माजी विद्यार्थ्यांनी विद्यालयाला पुष्कळ दिले आहे. आमच्या वर्गात भेट आलेली तीन घड्याळे आहेत आणि तिन्ही वेगवेगळी वेळ दाखवतात. आता घड्याळ नको. सोप्या इंग्रजीतली, चित्रांची पातळ गोष्टीची पुस्तके द्या, वापरलेली चालतील. आणि एकदा स्वतः या. बँकेत, दवाखान्यात, रेल्वेत, परगावच्या कंपनीत तुम्ही पहिल्यांदा इंग्रजी बोललात तेव्हा कोठे अडखळलात, हे मुलांना अडखळत्या इंग्रजीतच सांगा. नववीचा तास मंगळवारी आणि शुक्रवारी मधल्या सुट्टीनंतर असतो. बसायची जागा चिठ्ठीने ठरेल.