थोरल्या भावाचे वंशज

उपवासकाळ आला की वेदीवर जांभळे वस्त्र चढते आणि त्याच रंगाची छाया कित्येकांच्या मुद्रेवर उतरते. पश्चात्ताप म्हणजे सुतक, ही समजूत आपल्या घराघरांत मुरली आहे. ती आम्हांस मान्य नाही. लूककृत शुभवर्तमानातील जक्कय झाडावरून उतरला तो आनंदाने. आणि लुबाडलेल्यांना चौपट परत करण्याचे वचन त्याने दिले ते प्रभू त्याच्या घरी उतरायला निघाल्यावर, आधी नव्हे. उधळ्या पुत्रानेही चाकरी मागण्याचे वाक्य वाटेत घोकले होते. पित्याने ते त्याला बोलूही दिले नाही.

यावर आमचे व्यवहारी बांधव म्हणतात, "फादर, असे माफ करीत सुटलात तर लोक शेफारतील!" शुभवर्तमान त्यांना भोळे वाटत असेल, तर त्यांनी आपल्या सोलापूरहून सांगोल्यापलीकडच्या आटपाडीकडे पाहावे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली तेथे स्वतंत्रपूर वसवले. कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या अभियंत्याची. भोवती उंच तट नाही, पायांत बेडी नाही. कैद्यांनी जमीन कसायची. विश्वास आधी टाकला, लायकी मागाहून पाहिली. त्यावर माणदेशच्या ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. पुढील वर्षी बर्लिनला त्यास रौप्य अस्वल मिळाले, तसेच आंतरराष्ट्रीय कॅथोलिक चित्रपट संघटनेचा पुरस्कारही. (आपल्यापैकी कितीजणांस हे ठाऊक आहे?) जे दूरच्या कॅथोलिकांना ओळखता आले, ते शेजारच्या आम्हांला दिसू नये!

ही क्षमा स्वस्त नव्हती. कैद्याला नांगर धरावा लागला, जक्कयाला थैली सोडावी लागली. शिवाय दुसऱ्याच्या जखमेची क्षमा वाटण्याचा अधिकार आम्हां धर्मगुरूंनाही नाही. सिस्टर राणी मारिया यांची १९९५ साली हत्या झाली. मारेकऱ्याला तुरुंगात राखी बांधली ती त्यांच्या सख्ख्या बहिणीने. ज्याचे दुःख, त्यानेच हात पुढे केला.

मग आपले काय गेले होते? आमच्या पूर्वीच्या एका धर्मग्रामात शिक्षा भोगून परतलेला एक गृहस्थ मिस्सेला येऊ लागला. त्याने त्या बाकावरच्या कोणाचेच काही बिघडवले नव्हते. तरी माणसे हळूहळू दुसरीकडे सरकली. आम्ही क्षमेवर प्रवचन केले, ते बरे झाले असेही आम्हांस वाटले. त्याने वेदीवर वाचन करण्याची इच्छा सांगितली, तेव्हा लोकांच्या धाकाने आम्हीच म्हणालो, "पुढे पाहू." तो पुढचा रविवार उजाडलाच नाही. नंतर तो शांती देण्याघेण्याच्या आधीच उठून जात असे.

पापनिवेदनाच्या रांगेत उभे राहून पुढच्याच्या पापांचा अदमास बांधणाऱ्यांनी आम्हांस उपवासाचे नियम विचारू नयेत. येत्या शनिवारी पाच वाजता आम्ही पापनिवेदनासाठी बसतो. त्याआधी आमचे स्वतःचे निवेदन व्हायचे आहे, आणि त्यात हा गृहस्थ आहे.