लाफिंग बुद्धा अडगळीत

यंदाच्या मे महिन्यात आमच्या गावच्या घरातली मागची खोली उघडली आणि पहिल्याच खोक्यात मला लाफिंग बुद्धा सापडला. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला, पोटावर बुरशीचे ठिपके, तरी आपला हसतोच आहे! त्याच्याखाली तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक, दोऱ्यांचा गुंता झालेलं विंड चाइम, लाल फितीत बांधलेली तीन चिनी नाणी आणि एक स्फटिकाचा गोळा. हे सगळं मीच आणलेलं, २००३ साली. कशासाठी? तर याच खोलीतली अडगळ दूर व्हावी, घरात चैतन्य यावं म्हणून! मला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर थोडी लाजही वाटली.

तुमच्यापैकी अनेकींना ते दिवस आठवत असतील. वास्तुशांत असो, साखरपुडा असो की वाढदिवस, भेट ठरलेली. लाफिंग बुद्धा स्वतःसाठी विकत घ्यायचा नसतो, तो कुणीतरी द्यावा लागतो, असं भिशीत एकीने सांगितलं. मग काय, आम्ही साऱ्याजणी रत्नागिरीच्या राम आळीत गेलो आणि एकमेकींना बुद्धा देऊन मोकळ्या झालो! वास्तुशास्त्र म्हटलं की भिंत पाडा, स्वयंपाकघर हलवा. त्याला घरातल्या पुरुषांची परवानगी आणि पैसा दोन्ही लागायचं. फेंगशुई भाजीच्या पैशांतून वाचवलेल्या शंभर-दीडशे रुपयांत व्हायचं. ते बायकांमध्ये एवढं पसरलं त्याचं हेही एक कारण असावं.

पुस्तकं वाचून मी तेव्हा बरंच शिकले होते. फेंग म्हणजे वारा, शुई म्हणजे पाणी. घरातून ‘ची’ म्हणजे प्राणशक्ती खेळती राहिली पाहिजे. अडगळ साचली की ती अडते. आठ दिशांचा ‘बागुआ’ नकाशा घरावर धरायचा. आग्नेयेचा कोपरा धनाचा, उत्तरेचा कामधंद्याचा, नैर्ऋत्येचा नात्यांचा आणि लग्नाचा. आमच्या पुस्तकांत नव्हतं ते पुढे कळलं. चीनमध्ये ही विद्या राहत्या घराइतकीच थडग्याची जागा शोधायला वापरली जाई. चौथ्या शतकातल्या ग्वो पू या विद्वानाच्या नावावर असलेला तिचा जुना ग्रंथ दफनाबद्दलच आहे. लाफिंग बुद्धा हा गौतम बुद्ध नव्हेच, तो दहाव्या शतकातला बुदाई नावाचा झोळीवाला भिक्षू. आणि ‘लकी बांबू’ हा बांबूही नाही, ते आफ्रिकेतलं ड्रॅसिना जातीचं झाड!

म्हणून सगळंच टाकाऊ का? तसं मी म्हणणार नाही. पाठीशी डोंगर, समोर पाणी, घराचं तोंड दक्षिणेला, हा फेंगशुईचा जुना नियम. चीनच्या उत्तर भागात हिवाळ्यात बोचरा वारा उत्तरेकडून येतो आणि ऊन दक्षिणेकडून मिळतं. म्हणजे नियमामागे तिथली हवा आहे, तिथल्या माणसांचा अनुभव आहे. आता तोच नकाशा उचलून रत्नागिरीत आणला की काय होतं बघा. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो झोडपतो नैर्ऋत्येकडूनच. जांभ्याची भिंत पाणी पिते. म्हणजे फेंगशुईने आमच्या खोलीतला जो कोपरा नात्यांसाठी राखून ठेवला होता, तो चार महिने ओलाच!

आपलं वास्तुशास्त्र सांगतं, नैर्ऋत्येला जड सामान ठेवा. आमच्या घरातलं मोठं कपाट त्याच न्यायाने तिथे भिंतीला चिकटवून ठेवलेलं. त्याच्या प्लायच्या पाठीला आधी बुरशी, मग वाळवी. आत ठेवलेला माझ्या नणंदेच्या लग्नातला शालू आम्ही बाहेर काढला तेव्हा घडीवर त्याचे तुकडे झाले. सासूबाई मात्र लग्न होऊन आल्यापासून सांगत होत्या, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, वैशाखाच्या उन्हात सगळं सामान अंगणात काढा, समोरासमोरच्या खिडक्या दुपारी उघडा. त्यांच्याकडे ना नकाशा होता, ना पुस्तक. लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहायचं आणि जिथे केरकचरा तिथे अलक्ष्मी, एवढंच त्यांचं शास्त्र.

मग खोली बंद का होती? इथेच खरी गोष्ट आहे. कोकणात अशा बंद खोल्या गावोगाव आहेत आणि त्या आळसामुळे बंद नसतात. आमचं घर सासऱ्यांचं आणि त्यांच्या दोन भावांचं, सामाईक. घरपट्टीच्या उताऱ्यावर तिघांची नावं. दोघे भाऊ नोकरीसाठी मुंबईला गेले, त्यांचं सामान मागच्या खोलीत राहिलं आणि खोलीला कुलूप लागलं. तांब्याचे हंडे, पितळी पातेली, पाळणा, पेट्रोमॅक्स, इरली, भाताची कणगी, तीन ट्रंका. यातलं कुणाचं काय हे कुणालाच नक्की ठाऊक नाही आणि विचारायची सोय नाही. ‘आमच्या भांड्यांना हात का लावलात’ हे वाक्य कुणी तरी म्हणेल ही भीती. त्यामुळे पावसाळ्यामागून पावसाळे गेले. घर झाडणारी, सारवणारी, गणपतीत पंचवीस माणसांचं करणारी बाई मात्र माजघरात चटईवर झोपत राहिली.

चाळीस वर्षं सासूबाई दरवर्षी म्हणत होत्या, “तेवढी खोली मोकळी करून द्या हो.” उत्तर ठरलेलं, “बघू पुढच्या मे महिन्यात.” २००३ मध्ये मी मुंबईच्या काकांना फोन केला आणि म्हटलं, “काका, फेंगशुईत सांगितलंय, घरात बंद खोली असली की मुलाबाळांच्या प्रगतीला अडथळा येतो.” आठवड्याभरात किल्ली आली. कुरिअरने! सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, “माझं ऐकलं नाही, ते चीनच्या बुवाचं ऐकलं हो!”

त्या वेळी आम्ही दोघी खूप हसलो. आज ते वाक्य आठवलं की टोचतं. घरातल्या बाईच्या साध्या, रास्त मागणीला स्वतःचं वजन नाही. तिच्यामागे कुठलं तरी शास्त्र उभं करावं लागतं. कधी सोवळं, कधी वास्तू, कधी फेंगशुई. मला विश्रांती हवी म्हणायचं नाही, उपास आहे म्हणायचं. मला जागा हवी म्हणायचं नाही, ऊर्जा अडल्ये म्हणायचं. आपण बायकांनी ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली आहे आणि अनेकदा ती चाललीही. पण तिची गंमत अशी की काम झालं तरी श्रेय शास्त्राला जातं आणि बाईचा शब्द होता तिथेच राहतो.

आमचंही तसंच झालं. किल्ली आली, खोली झाडली, पण सामान कुणाचं हा प्रश्न कुणी काढलाच नाही. सगळ्या ट्रंका एका भिंतीला लावल्या, वर चादर घातली, दारात विंड चाइम टांगलं आणि नैर्ऋत्येला स्फटिक ठेवला. दोन पावसाळे गेले. पुन्हा ओल, पुन्हा कुबट वास, पुन्हा कुलूप.

माझ्या काही मैत्रिणी म्हणतात, “अगं, त्या निमित्ताने घर आवरलं जातं ना, मग बिघडलं कुठे?” निमित्ताबद्दल माझी तक्रार नाहीच. विंड चाइम लावायचं म्हणून कुणी जाळीजळमटं काढणार असेल तर अवश्य लावावं. बिघडतं ते पुढे. घरात आजारपण आलं, मुलीचं लग्न जमेना, नवऱ्याचा धंदा बसला, की बोट घर आवरणाऱ्या बाईकडे वळतं: ‘तुझा तो कोपरा बघ आधी!’ ज्या घरात तिला एक कोपरा स्वतःचा नाही, त्या घराच्या आठही दिशांची जबाबदारी तिची, हे मला पटत नाही.

यंदा वेळ वेगळी होती. सासूबाई ऐंशीच्या झाल्या. गुडघे गेलेत, पावसाळ्यात एकदा पडल्याही. डॉक्टरांनी बजावलं, जमिनीवर झोपायचं नाही, खाट हवी. माजघरात खाट टाकली तर जायला-यायला वाट उरत नाही. म्हणजे खोली हवीच. या वेळी मी ठरवलं, ‘ची’ला मध्ये आणायचं नाही. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सरळ लिहिलं, “आईंना झोपायला खोली हवी आहे. मे महिन्यात सगळे येताच आहात, तेव्हा मागच्या खोलीतलं आपापलं सामान बघून न्यावं.” लिहिताना हात थरथरत होते. दोन दिवस कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी एकाने विचारलं, “म्हणजे खोलीवर हक्क सांगताय का?” आमचे ‘हे’ म्हणाले, “कशाला वाद ओढवून घेतेस?” मी उत्तर दिलं, “हक्क सगळ्यांचा आहे तसाच राहील. वापर आईंचा होईल. कागदावर लिहून देते.”

आणि तसं लिहिलंच. खोली सामाईक आहे, सासूबाई हयात असेपर्यंत ती त्यांच्या वापरात राहील, यामुळे कुणाच्या वाट्याला बाध येणार नाही. खाली सगळ्यांच्या सह्या. सह्यांत माझ्या नणंदेची आणि चुलत नणंदांचीही घेतली. २००५ च्या कायदादुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला, पण आपल्याकडे भांड्यांची वाटणी करतानासुद्धा लेकींना कुणी बोलावत नाही. त्या आल्या, आणि हंड्यावर कोरलेली नावं वाचून कुठलं भांडं कुणाच्या लग्नातलं हे त्यांनीच ओळखलं.

तुमच्याकडे अशी खोली असेल तर चार गोष्टी सांगते. काम पावसाळ्याच्या तोंडावर नको, ऊन कडक असताना करा, सगळं सामान एकदम अंगणात काढा. ढीग चार करा: आपलं लागणारं, दुसऱ्याचं, दुरुस्त होणारं आणि गेलेलं. दुसऱ्याच्या ढिगातलं काहीही मोडीत घालू नका. वहीत यादी करा आणि मालकासमोर ट्रंक उघडा. पावसाची भिंत कोणती ते बघा आणि त्या भिंतीला काही टेकवू नका, मग कुठलंही शास्त्र काहीही सांगो. कौलं परतून घ्या, भिंतींना चुना द्या, खिडकी रोज उघडा.

सगळं गोड झालं असं नाही. एक ट्रंक अजून कुणी नेलेली नाही. तिच्यावर नावाची चिठ्ठी चिकटवून ती खाटेखाली सरकवली आहे. ज्यांनी हक्काचं विचारलं ते अजून माझ्याशी तोलूनमापूनच बोलतात. पण सासूबाईंची खाट पूर्वेच्या खिडकीपाशी लागली. पहिल्या रात्री त्या बराच वेळ जाग्या होत्या. सकाळी विचारलं तर म्हणाल्या, “झोप येईना गो. एवढ्या वर्षांत एकटीच्या खोलीत कधी निजले होते?” आता सवय झाल्ये. दुपारी दार लोटून घेतात आणि आम्हीही हाक मारल्याशिवाय आत जात नाही.

विंड चाइमचा गुंता काही सुटला नाही, त्याच्या नळ्या भंगारात गेल्या. लाफिंग बुद्धा टाकायला काढला होता, पण माझ्या नातवाने तो धुऊन खिडकीत ठेवला. सासूबाई रोज सकाळी त्याच्यावरची धूळ पदराने पुसतात. मी म्हटलं, “आई, टाकून देऊ का?”

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “एवढ्या सामानात कुणाच्या वाट्याचा नसलेला तेवढाच आहे.”