घर मूल सांभाळतं, मदत इमारतीला मिळते

पुण्याच्या शुक्रवार पेठेतली मंडई १८८६ मध्ये उघडली, तेव्हा तिचं नाव होतं रे मार्केट. या बांधकामावर नगरपालिकेनं पैसा घालू नये, तो शिक्षणाकडे वळवावा, असं जोतीराव फुले यांनी बजावलं होतं. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं मंडईला जोतीरावांचंच नाव मिळालं. सार्वजनिक पैसा इमारतीत घालायचा की माणसांवर, हा जोतीरावांचा प्रश्न आज अनाथ मुलांच्या बाबतीत तसाच उभा आहे.

मूल पोरकं झालं की ‘आश्रमात टाका’ हा सल्ला सहज दिला जातो. देणगीदारांची पावलंही तिकडेच वळतात. वाढदिवसाला गोडाचं जेवण, दिवाळीला कपडे, खोलीवर नावाची पाटी. पण आईबाप गेलेली कितीतरी मुलं प्रत्यक्षात वाढतात ती भाजी विकणाऱ्या आजीकडे, धुणीभांडी करणाऱ्या मावशीकडे, रिक्षा चालवणाऱ्या काकाकडे. त्यांच्या दारी देणगीदार फारसा फिरकत नाही. हा क्रम उलटा आहे आणि तो बदललाच पाहिजे.

यावर पहिला आक्षेप असा, की दुसऱ्याचं मूल घरात वाढवणं ही बाहेरून आणलेली कल्पना आहे, आपल्याकडे ती रुजणार नाही. पण मंडईतून पायी जाता येईल अशा अंतरावर, गंज पेठेत, जोतीराव-सावित्रीबाईंचा वाडा आहे. या दांपत्यानं १८६३ मध्ये स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे गुपचूप बाळंत व्हावं आणि मूल जगावं, एवढाच हेतू. जोतीरावांच्या १८८४ च्या टिपणानुसार तोवर ३५ स्त्रियांची तिथे सुटका झाली होती. अशाच एका विधवेचा मुलगा या दोघांनी १८७४ मध्ये दत्तक घेतला. तो यशवंत डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या, तेव्हा तोही त्याच कामात होता. पुण्यात हे दीडशे वर्षांपूर्वी, उघड विरोध सोसून घडलं. ‘आपल्याकडे होत नाही’ हे कोणत्या तोंडानं म्हणायचं?

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: पैसे मिळतात म्हणून लोक मुलं घेतील. हिशेबच मांडू. अशी मुलं सांभाळणाऱ्या घरांना अनुदान देणाऱ्या राज्याच्या बाल संगोपन योजनेला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. तिचं अनुदान अनेक वर्षं महिना ४२५ रुपये होतं. २०२१ मध्ये ते ११०० झालं, २०२३ मध्ये २२५०. म्हणजे दिवसाला ७५ रुपये. त्यात दूध, भाजी, वह्या, चपला, तापाचं औषध. मंडईत पिशवी घेऊन फिरणाऱ्या कुणालाही कळेल, की यात कमाई नाही, उलट पदरचं घालावं लागतं. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रतिपालकत्वासाठी, म्हणजे दुसऱ्याचं मूल दत्तक न घेता आपल्या घरी सांभाळण्यासाठी, महिना ४००० रुपये आहेत, तेही वाढत्या मुलाला पुरे पडत नाहीत. आणि हे पैसे हाती पडण्याआधी मृत्यूचे दाखले, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, शाळेचं बोनाफाईड, बँकेचं पासबुक अशी कागदांची रांग लागते. पाटी डोक्यावर घेऊन पोट भरणाऱ्या बाईला प्रत्येक फेरीला एका दिवसाच्या कमाईवर पाणी सोडावं लागतं. अशा बाईच्या हेतूवर शंका घेणं अन्यायाचं आहे.

मुलांच्या सुरक्षिततेची काळजी मात्र खरी आहे, ती झटकून टाकता येत नाही. घरात छळ होऊ शकतो, मुलाला घरगड्यासारखं राबवलं जाऊ शकतं. म्हणूनच २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ४४ व्या कलमात बाल कल्याण समितीनं प्रतिपालक कुटुंबाची दर महिन्याला पाहणी करावी असं लिहिलं आहे. शक्यतो भावंडं एकत्र ठेवावीत, हेही त्याच कलमात आहे. संस्था हा शेवटचा पर्याय, हे तर कायद्याचं तत्त्वच. तेव्हा उपाय असा, की पाहणी करायला पुरेशी माणसं नेमा. पाहणी होत नाही म्हणून मुलाला कुटुंबच नाकारायचं, हा तोडगा नव्हे.

‘संस्थेत शिस्त असते, वेळेवर जेवण असतं’ या म्हणण्याला रुमानियानं उत्तर दिलं आहे. बुखारेस्टमधल्या संस्थांत वाढणाऱ्या १३६ लहानग्यांचे संशोधकांनी चिठ्ठी पद्धतीनं दोन गट केले. एका गटासाठी कुटुंबं शोधली, त्यांना मानधन दिलं, सामाजिक कार्यकर्त्यांची साथ दिली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी आणि जिव्हाळा जोडण्याची ताकद संस्थेतल्या मुलांपेक्षा सरस वाढली. वयाची दोन वर्षं पूर्ण होण्याआधी घर मिळालेल्यांना सर्वाधिक फायदा झाला.

मग सरळ दत्तकच का देऊ नये? कायद्यानं मोकळं असलेलं तान्हं बाळ जरूर द्यावं. पण ज्याची आई आजारी आहे, बाप तुरुंगात आहे, ज्याला आपली माणसं आठवतात, त्या दहा वर्षांच्या मुलाचं काय? त्याला तूर्त सांभाळणारं घर हवं. २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी अविवाहित, विधवा, घटस्फोटित व्यक्तींनाही प्रतिपालक होण्याची वाट मोकळी केली आणि दोन वर्षांच्या सहवासानंतर, मूल दत्तकासाठी मोकळं असल्यास, त्याच घराला दत्तकाचा मार्ग दिला.

काही मुलांना संस्था लागतीलच आणि चांगल्या संस्थांचा मान राखलाच पाहिजे. तरी सरकारनं अनुदान महागाईशी बांधावं, ते ठरल्या तारखेला खात्यात टाकावं आणि गृहचौकशीची माणसं वाढवावीत. मंडईच्या परिसरातल्या गणेश मंडळांकडे कार्यकर्ते आहेत, जागा आहे, लोकांचा विश्वास आहे. त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ टेबल मांडून आपल्या भागातल्या आजी-मावश्यांचे अर्ज भरून द्यावेत, अनुदान सुरू होईपर्यंत शाळेची फी भरावी आणि बाल कल्याण समितीपुढे जाताना एक कार्यकर्ता सोबत पाठवावा.